आईचा सोहळा आईला झेपेल असा करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आईच्या पंचाहत्तरीच्या आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या शुभेच्छांचे चौकोन हल्ली वर्तमानपत्रात नेहमी दिसतात. मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं अशी सगळ्यांची नावं, आणि खाली एखाद्या लॉनचा किंवा सभागृहाचा पत्ता. वाचून आनंद होतो. पण अशा समारंभांची मांडामांड करणाऱ्या आम्हा लोकांना एक गोष्ट सतत खटकते. तारीख, जागा, जेवण, फोटो सगळं ठरतं आणि जिच्यासाठी ते चाललंय ती आई शेवटच्या तासाला खुर्चीत कलंडलेली असते. पाय सुजलेले असतात, कधी एकदा घरी जाऊन आडवी होते असं तिला झालेलं असतं. मुलांच्या मनात खोट नसते. आईच्या अंगाचा अंदाज चुकतो, आणि तिला विचारायचं राहून जातं.

सुरुवात तारखेपासूनच करावी लागते. आज ऐंशीच्या घरात असलेल्या आपल्या नागपूर भागातल्या कित्येक बायांचा जन्म इंग्रजी अमदानीतला 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असताना झाला, तोही घरीच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं, आधारवर १ जानेवारी लागली, आणि खरी आठवण असते ती 'तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मारबती निघाल्या तेव्हा' अशी (तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण, आणि मारबती म्हणजे त्या दिवशी मिरवणुकीने निघणारे पुतळे). ही आठवण दाखल्यापेक्षा जास्त भरवशाची आहे आणि तिच्यावरून तारीख काढता येते. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास बसतात, म्हणून तिथी आणि इंग्रजी तारीख दर १९ वर्षांनी पुन्हा जवळपास एकत्र येतात. म्हणजे १९, ३८, ५७ आणि ७६ वर्षं पूर्ण होताना. जन्म १९५० सालच्या तान्ह्या पोळ्याचा असेल, तर २०२६च्या कॅलेंडरात तान्हा पोळा ज्या तारखेला आहे तीच, एखाद्या दिवसाच्या फरकाने, तिची जन्मतारीख. अधिक महिन्याच्या आसपासचा जन्म असेल तर मात्र पंचांग जाणणाऱ्याला विचारावं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ज्येष्ठात जन्मलेल्या आईची तिथी त्या वर्षी निज, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या, ज्येष्ठात धरायची.

यातून आणखी एक सोय होते. घरातल्या आजारपणामुळे किंवा परगावच्या मुलाच्या रजेमुळे पंचाहत्तरी हुकली, तर हळहळू नका. शहात्तर पूर्ण होताना तिथी आणि तारीख दोन्ही हातात हात घालून येतात. सोहळा तेव्हा करा.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब तर बहुतेक घरांत चुकतो. ऐंशी पूर्ण झाली की झालं, असं समजून पत्रिका छापतात. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण २९.५३ दिवस. ऐंशी वर्षांचे ९६० महिने, त्यात अधिक महिने एकोणतीस-तीस, म्हणजे झाल्या ९९० च्या आतबाहेर पौर्णिमा. हजार भरायला आणखी नऊ-दहा महिने लागतात. म्हणून खरा मुहूर्त ऐंशी वर्षं आणि नऊ-दहा महिने झाल्यावर, एक्याऐंशीवं सरत आलेलं असताना येतो. उदाहरण घ्या. १९४६च्या जानेवारीत जन्मलेल्या आईचा हजारावा पूर्ण चंद्र २०२६च्या कोजागरीला उगवतो. जन्म महिन्याच्या उत्तरार्धातला असेल तर त्यापुढच्या कार्तिकी पौर्णिमेला. आईची तब्येत नाजूक असेल तर महिने मोजत थांबू नये, हेही तितकंच खरं. वर्षभर आधी केलं म्हणून काही बिघडत नाही.

आमचं आग्रहाचं म्हणणं असं, की ज्या सोहळ्याचं नावच चंद्रदर्शन आहे त्यात आईला चंद्र दिसू द्या. चांदीच्या चंद्रप्रतिमेची पूजा दुपारी बाराला सभागृहात होते, पाहुणे जेवून जातात, आणि संध्याकाळी चंद्र उगवतो तेव्हा दमलेली आई झोपलेली असते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच वर येतो, त्यासाठी जागरण करावं लागत नाही. पूर्वेकडची गच्ची किंवा अंगण, हाताची एक खुर्ची, आटवलेलं दूध आणि घरची पंधरा-वीस माणसं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागपूरची हवाही साथ देते. गच्चीला लिफ्ट नसेल तर आईला दोन मजले चढवू नका, फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकली तरी चालते. घराच्या पूर्वेला उंच इमारत असेल तर चंद्र तिच्यावर यायला तास-दीड तास जातो. आदल्या पौर्णिमेला पाहून वेळ लिहून ठेवावी.

आता जागा आणि वेळ. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा वाढदिवस असेल तर दुपारचा समारंभ ठेवूच नये. पारा ४४-४५ अंशांवर असताना म्हातारं माणूस गाडीत बसून उतरलं तरी गळून जातं. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, दोन तास, बास. कूलर थेट तिच्या अंगावर नको आणि जवळही नको, कारण कानाचं यंत्र वापरणाऱ्या माणसाला कूलरच्या घरघरीत शेजारचं बोलणंही कळत नाही. स्पीकर तिच्या मागे किंवा अगदी जवळ ठेवू नका. ते तिच्यासमोर, बाजूला आणि पंधरा फुटांवर असावेत. ज्या कानाने तिला बरं ऐकू येतं त्या बाजूला घरचं एक माणूस बसवा. कोण काय बोललं, कोण आलं, हे ते तिला सांगत राहील.

स्टेज शक्यतो टाळाच. लग्नाच्या स्टेजला तीन-चार उंच पायऱ्या असतात, कठडा नसतो, वर गालिच्याच्या कडा उचललेल्या असतात. त्यावर नवरा-नवरीचा मखमली सोफा. तो खोल आणि बुटका असल्याने गुडघे दुखणारी बाई त्यात रुतते. तिला उठवायला दोघं लागतात, आणि काखेत हात घालून ओढलं की खांदा दुखावतो. त्यापेक्षा जमिनीवरच, समोरच्या रांगेच्या मधोमध, हात असलेली भक्कम लाकडी खुर्ची ठेवा. बैठक १७-१८ इंच उंच हवी. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा काटकोनात आला पाहिजे. पाठीला एक लहान उशी द्या. खुर्ची आदल्या दिवशी तिला बसवून पाहा, त्याच दिवशी बदलायला वेळ नसतो.

स्वच्छतागृह खुर्चीपासून किती पावलांवर आहे ते मोजून घ्या. कमोड आहे का, फरशी ओली राहते का, धरायला काही आहे का, आतली कडी बाहेरून उघडता येते का, हे सगळं आगाऊ भरण्याआधी पाहायचं. यात संकोच नको. बाहेर जायची पंचाईत नको म्हणून कित्येक म्हाताऱ्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात मग संध्याकाळी चक्कर येते आणि सगळे 'दगदग झाली' म्हणतात. 'लागलं की मी नेते' असं लेकीने किंवा नातीने सकाळीच सांगून ठेवलं, की ती निर्धास्तपणे पाणी पिते.

नमस्काराची रांग हा तर मोठाच भाग. दीडशे पाहुणे आणि प्रत्येकाचे वीस सेकंद धरले तरी सलग पन्नास मिनिटं होतात. प्रत्येकाकडे मान वळवायची, हात उचलायचा, हसायचं, फोटोसाठी वर पाहायचं. सांध्यांचं ऑपरेशन झालेलं असेल तर पायाला लागणारा प्रत्येक धक्का कळतो. रांग वीस-वीस माणसांची करा, मध्ये दहा मिनिटं गाणं किंवा दोन शब्द ठेवा. 'पाया पडताना पायाला हात लावू नका, समोरूनच नमस्कार करा' असं निवेदकाने आधीच सांगावं. शाल-श्रीफळ आणू नये हे निमंत्रणातच लिहा. मे महिन्यात खांद्यावर एकामागून एक पडणाऱ्या शाली आणि झेंडूचे ओलसर, वजनदार हार हा त्रासच आहे. घरची एकच शाल, तीही सुती, आणि एकच हलका हार. पाहुण्यांना त्याऐवजी पोस्टकार्डाएवढे कोरे कागद द्या. आईची एक आठवण प्रत्येकाने मोठ्या अक्षरात लिहावी. नंतर रोज दोन-तीन वाचून दाखवली, तर महिनाभर पुरतात.

साडीवर भरपूर खर्च होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. भारी जरीचं पैठणी-शालू वजनाने खांदा ओढतं आणि निऱ्या घसरतात. आपल्या विदर्भातली टसरची करवतकाठी हलकी असते, नेसल्यावर फुगत नाही, आणि त्या पिढीला तिचं मोलही माहीत आहे. ब्लाउज समोरून हुकचा शिवा. खांदा आखडलेल्या बाईला हात मागे नेता येत नाही आणि मागच्या हुकांसाठी तिला प्रत्येक वेळी दुसऱ्याचं तोंड पाहावं लागतं. साडीची खालची कड जमिनीपासून इंचभर वर हवी. अंगठ्याखाली काठ आला की तोल जातो. चप्पल रोजचीच, पुसून घेतलेली. नवी चप्पल त्या दिवशी घालू नका. साडी आठवडाभर आधी धुऊन किंवा नेसवून मोकळी करा. खळ असलेली साडी अंगावर नीट बसत नाही.

आता औक्षण. तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, आणि तोंड गोड करायला काहीतरी मऊ. पंचाहत्तर किंवा एक्याऐंशी दिवे लावण्याची हौस चांगली आहे, पण तिला आखणी लागते. एक्याऐंशी कणकेच्या दिव्यांना साधारण सव्वा ते दीड किलो कणीक लागते. चिमूटभर हळद घालून पुरीसारखी घट्ट मळायची. सैल मळली तर दिवे वाफेवर बसतात आणि तूप बाहेर येतं. लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्याने खळगा करा, काठ जाड ठेवा, तेल लावलेल्या चाळणीत बारा-पंधरा मिनिटं वाफवा. कच्चे दिवे तडकतात, म्हणून वाफवणं चुकवू नये. तूप प्रत्येकी चहाचा एक चमचा, म्हणजे सगळे मिळून चारशे मिलीच्या आसपास. फुलवाती आदल्या दिवशी तुपात भिजवून ठेवाव्यात, कोरी वात लवकर धरत नाही.

हे सगळे दिवे एका तबकात घेऊन ओवाळायला जाऊ नका. तीन-चार पराती टेबलावर मांडा, आईपासून किमान तीन फुटांवर. ओवाळायचं एकाच निरांजनाने. तिघांनी मागच्या रांगेपासून पुढे लावत यायचं, म्हणजे कुणाचा हात पेटलेल्या दिव्यावरून जात नाही आणि तीन-चार मिनिटांत काम होतं. एकट्याने लावले तर त्यातच दहा-बारा मिनिटं जातात. तेवढा वेळ पंखे आणि कूलर बंद ठेवावे लागतात, म्हणून सगळं आटोपायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लावू नये. सिंथेटिक ओढणी आणि सुटा पदर घेऊन कुणी दिवे लावू नयेत. वाळूची एक बादली टेबलाखाली असू द्या.

एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. वडील नाहीत म्हणून आईला कुंकू लावायचं नाही, गजरा द्यायचा नाही, ओवाळायचं नाही, ही रीत आजही चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत पाळली जाते. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला. नागपुरासारख्या शहराने मागे राहू नये. पण यातही तिच्या मनाचं विचारा. वीस वर्षं कुंकू न लावलेल्या आईला ते भर सभेत अचानक लावलं तर ती आक्रसते, डोळे भरून येतात आणि आपल्याला वाटतं आनंदाश्रू आहेत. दोन-चार दिवस आधी, एकटी असताना विचारा. ती नको म्हणाली तर फक्त अक्षता आणि निरांजन पुरे. होम असेल तर तो उघड्यावर आणि थोडक्यात उरकावा, दम्याच्या बाईला धूर सोसत नाही. ज्या घरांत बुद्धवंदना, त्रिसरण-पंचशील आणि खीरदान असतं तिथे आईने खाली बसलंच पाहिजे असा हट्ट नसतो. खुर्चीवर बसून वंदना घेता येते.

आईची तुला, म्हणजे तिच्या वजनाइतकं दान, करायची असेल तर ताजव्याच्या पारड्यात तिला बसवू नका. पारडं हलतं, ती घाबरते. घरच्या वजनकाट्यावर वजन घ्या. उभं राहता येत नसेल तर मोठ्या सपाट काट्यावर चाकाच्या खुर्चीसकट वजन करा आणि रिकाम्या खुर्चीचं वजा करा. बावन्न किलो भरलं तर बावन्न किलो गूळ किंवा तांदूळ, ती सांगेल तिथे, तिच्या हाताने.

जेवणात आपल्याकडे पाटवडी रस्सा, वडाभात, गोळाभात, सांभारवडी यांची हौस असते, ती पाहुण्यांसाठी जरूर करा. आईच्या ताटाचा विचार मात्र वेगळा करा. कवळी असेल तर सांभारवडीचं कुरकुरीत आवरण हिरड्यांना टोचतं, वडाभातातला वडा चावत नाही, गोळाभातातला गोळा कोरडा असल्याने घशात बसतो. तो कढीत कुस्करून द्यावा. पुरणपोळी पातळ, कोमट आणि तुपात भिजलेली. आणि तिला पहिल्या पंगतीला बसवा, तिच्या मैत्रिणींबरोबर. घरच्यांनी शेवटी जेवायचं ही आपली रीत आहे, पण तिच्यापायी जिचा वाढदिवस तीच रात्री साडेदहाला थंड भात खाते. जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्या आईला ताट समोर आल्याशिवाय सुई देऊ नका. आधी सुई आणि मग लांबलेली भाषणं, असं झालं की साखर उतरते. घाम येतो, हात थरथरतात, ती असंबद्ध बोलू लागते. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

समारंभाचा खर्च करताना काही कामं बिनखर्चाची आहेत, त्यांना तारीख बांधलेली आहे आणि नेमकी तीच राहून जातात. सत्तरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांसाठी. २९ ऑक्टोबर २०२४ला ही योजना सुरू झाली आणि तिला उत्पन्नाची अट नाही. पंचाहत्तरी झाली की राज्यात एसटीचा प्रवास मोफत, २६ ऑगस्ट २०२२पासून. माहेरच्या गावी एकदा जाऊन यायचं तिच्या मनात असतं, त्याला हे फार उपयोगी आहे. ऐंशी पूर्ण झाली की केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीलाही मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०. आईची जन्मतारीख पेन्शनच्या कागदावर नोंदलेलीच नसेल तर ही वाढ आपोआप सुरू होत नाही, आणि बायकोची जन्मतारीख तिथे रिकामी असणं हे नेहमीचं आहे. ऐंशीनंतर हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासून देता येतो. आधारवरची तारीख दुरुस्त करायची असेल तर पुरावा नीट जमवूनच अर्ज करा, ती संधी सहसा एकदाच मिळते.

पाहुण्यांची यादी तिच्याकडून सुरू करा. पहिली पंधरा नावं तिने सांगायची, मग आपली. माहेरची चुलतबहीण, भजनी मंडळातल्या, जुन्या वाड्यातल्या शेजारणी. त्यांना आणायला-पोचवायला गाडी ठेवा, पत्रिकेने त्या येऊ शकत नाहीत. त्या एकत्र बसल्या की बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, मोबाइल पुरे. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर आईवडिलांचं बोट धरून गेलेल्या, त्याच वर्षी नागपूरची राजधानी गेल्याचं घरात ऐकलेल्या बाया आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना 'तेव्हा कसं वाटलं' असं मोघम विचारू नका. काय नेसली होतीस, बरोबर कोण होतं, येताना काय खाल्लं, असं विचारा. मग त्या तासभर बोलतात.

आणि संपादक महोदय, शेवटची विनंती आपल्याला. शुभेच्छांच्या जाहिरातीत 'कै. अमुक यांच्या पत्नी आणि तमुक यांच्या मातोश्री' हे ठळक असतं आणि तिचं स्वतःचं नाव बारीक, कधी तर नसतंच. आपल्या जाहिरात विभागाच्या अर्जात पहिला रकाना आईच्या नावाचा ठेवावा, माहेरचं नाव लिहायला शेजारी एक मोकळी ओळ द्यावी, आणि मजकूर छापण्याआधी त्यावर आईची सही घ्यावी. सही येत नसेल तर अंगठा.

आपले,
ज्येष्ठांची शुश्रूषा आणि घरगुती समारंभांची व्यवस्था पाहणारे काही वाचक,
नागपूर